पाणी मुरतंय कुठं?

कशात घोटाळ्याचा वास आला की आपण म्हणतो, "कुठंतरी पाणी मुरतंय." आज खरोखरच मुरणाऱ्या पाण्याबद्दल लिहितोय. पोस्ट जरा लांबलीय, पण वाचा.

एप्रिल 2016 आठवतोय ना? मांजरा धरण आटलं आणि लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. 12 एप्रिलला पहिली गाडी पोचली. 10 वाघिणी, प्रत्येकीत 50 हजार लिटर, एकूण 5 लाख लिटर. त्या पाण्याची मोजदाद वाघिणी मोजून झाली. पण जमिनीखाली रोज मुरणाऱ्या पाण्याचा हिशोब कोण ठेवतं?

आपल्याकडं नळानं पाणी आणणं नवं नाही. सतराव्या शतकाच्या सुरुवातीला मलिक अंबरनं खडकीत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, नहर बांधली. अठराव्या शतकात पेशव्यांनी कात्रजच्या तलावातून पुण्यात पाणी नेलं. कात्रजच्या वाटेवर ठरावीक अंतरावर उच्छ्वास बांधलेले. त्यातून हवा बाहेर पडायची आणि पाणी कुठवर, किती आलं तेही डोळ्यांना दिसायचं. वरच्या उच्छ्वासात पाणी भरपूर आणि खालच्यात कमी, तर दोष मधल्या टप्प्यात. साधा हिशोब.

पुढं लोखंडी नळ आले, सगळं जमिनीत गाडलं गेलं आणि गळती दिसेनाशी झाली. 1873 मध्ये इंग्लंडातल्या लिव्हरपूलचा अभियंता जॉर्ज डीकन यानं पाण्याचा प्रवाह कागदावर रेघेनं उमटवणारं मीटर बनवलं. त्याची युक्ती अशी: मध्यरात्री लोक झोपलेले, नळ बंद, तरी पाणी वाहतंय म्हणजे बहुतेक ती गळतीच. मग एकेक व्हॉल्व्ह बंद करत जायचं. जो बंद केल्यावर प्रवाह एकदम घटतो, त्या गल्लीत भोक.

गल्ली सापडली की नेमकी जागा कानानं शोधायची. एका दांडीचं टोक नळावर टेकवायचं, दुसरं कानाला लावायचं. दाबानं बाहेर पडणारं पाणी सूं सूं आवाज करतं. आता यंत्रं आलीत. नळावर दोन ठिकाणी सेन्सर बसवतात, आवाज कुठं किती आधी पोचला यावरून जागा काढतात. पण एक मेख आहे. लोखंडातून आवाज लांब जातो, प्लॅस्टिकच्या पाईपात लवकर विरतो. आणि खेडोपाडी टाकलेत ते बहुतेक प्लॅस्टिकचेच.

आता आपल्या सास्तूरकडं या. 30 सप्टेंबर 1993 च्या भूकंपानं दाटीवाटीचं जुनं गाव गेलं. पुनर्वसनात रुंद रस्ते आणि मोकळे प्लॉट मिळाले. चांगलंच झालं. पण गाव पसरलं तशी पाईपलाईनही लांबली. जेवढी लांबी, तेवढे जॉइंट, तेवढ्या गळतीच्या जागा.

2019 च्या जलजीवन मिशनचं माप माणशी रोज 55 लिटर. एका भोकातून मिनिटाला 15 लिटरची एक घागर जात असेल आणि पाईपात पाणी दिवसभर असेल, तर 21,600 लिटर गेले. म्हणजे 392 माणसांचं पाणी!

आणि भोकातून पाणी नुसतं बाहेर जात नाही. पुरवठा थांबला, पाईप रिकामा झाला की शेजारच्या गटाराचं पाणी त्याच भोकातून आत शिरतं. पावसाळ्यात जुलाब-कावीळ पसरली की आपण हॉटेलवाल्याला बोल लावतो. एकदा पाईपलाईनकडंही बघा.

यंत्र नको, निविदा नको. एक रात्र पुरे. टाकी भरा, सगळ्या नळांना तोट्या लावून त्या बंद करा. आधी टाकीचा मुख्य व्हॉल्व्ह बंद ठेवून पातळी मोजा. तरीही उतरली तर टाकी किंवा तो व्हॉल्व्हच गळतोय. उतरली नाही तर एकेका गल्लीचं पाणी सोडा आणि तासाभरानं पुन्हा मोजा. ज्या गल्लीला पाणी सोडल्यावर पातळी उतरतच राहते, तिथं खोदा.

येत्या ग्रामसभेत एवढंच विचारा: टाकीत किती पाणी चढलं आणि घरात किती पोचलं? हे दोन आकडे वहीत नसतील, तर पाणी कुठं मुरतंय हे कुणालाच सांगता येणार नाही.

तुमच्या गल्लीत कुठं गळती असेल तर खाली जागा लिहा. यादी करून ग्रामपंचायतीला देऊ.