पॉइंटर आणि परवाना

अमेरिकेत नवीन आलेला आपला माणूस हमखास एक हिशोब करतो: तिकीट दुसऱ्या राज्यात मिळालंय, पुन्हा तिकडे जातंय कोण? सोडून द्या!

एकेकाळी हे खपायचं. परवाना राज्याचा, नोंदही राज्याची. एकीकडे परवाना निलंबित झाला की काही पठ्ठे शेजारच्या राज्यातून नवा काढायचे. म्हणून १९६० मध्ये केंद्र सरकारने अशा चालकांची राष्ट्रीय नोंदवही सुरू केली. पुढे बहुतेक राज्यांनी एकमेकांना नोंदी कळवायचा करारही केला. १९८२ च्या कायद्याने तर नोंदवहीचं डिझाइनच बदललं: मध्यवर्ती डेटाबेसमध्ये फक्त पॉइंटर, खरा रेकॉर्ड ज्या त्या राज्याकडे. आपल्या धंद्यातलीच गोष्ट!

आता विम्याचं बघा. १९२७ पासून मॅसॅच्युसेट्समध्ये गाडीचा विमा सक्तीचा झाला. नंतर बहुतेक राज्यांत. विमा कंपनी तुमचा रेकॉर्ड बघून हप्ता ठरवते. निलंबनानंतर अनेक राज्यं 'एसआर-२२' मागतात. हा वेगळा विमा नव्हे. विमा चालू असल्याची कंपनीने राज्याला दिलेली हमी. विमा बंद पडला की कंपनी तेही कळवते, आणि परवाना पुन्हा जातो.

तेव्हा मंडळी, ते तिकीट निस्तरून टाका. दंड एकदाच भरावा लागतो, वाढलेला हप्ता मात्र वर्षानुवर्षं.