पंप-ॲक्शन रायफलची अचूकता आणि ट्रिगर: नेमकं काय सुधारतं?

बीजीएमआयमध्ये पंप-ॲक्शन म्हटलं की एस१८९७ ही शॉटगन आठवते. पुढचा भाग मागे ओढायचा, पुढे ढकलायचा, पुढचा राउंड तयार. पण हीच पद्धत वापरणाऱ्या शिकारी रायफलीही असतात. अमेरिकेत त्या अनेक दशकं वापरात आहेत आणि त्यांच्याबद्दल दोन तक्रारी नेहमी ऐकू येतात: ‘अचूक नाही’ आणि ‘ट्रिगर जड आहे’. या दोन तक्रारींचा एकमेकींशी किती संबंध आहे आणि ट्रिगर हलका केल्याने खरंच काय बदलतं, ते मी या लेखात सोप्या भाषेत सांगतो.

उदाहरण कोणतं घेतलंय?

सगळ्यात ओळखीचं नाव म्हणजे रेमिंग्टन मॉडेल ७६०, अर्थात ‘गेममास्टर’. ही रायफल १९५२ मध्ये आली. १९८१ मध्ये तिची जागा मॉडेल ७६०० ने घेतली. पेनसिल्व्हेनिया राज्यात हरणाच्या शिकारीला सेमी-ऑटोमॅटिक रायफल चालत नसे, त्यामुळे भराभर पुढची गोळी भरता येणारी पंप रायफल तिथे घरोघरी पोहोचली. दाट जंगल, कमी अंतर आणि पळतं जनावर, अशा शिकारीसाठी ती बनलेली आहे.

आत काय चालतं?

शॉटगनच्या नळीला आतून बहुधा गुळगुळीत ठेवतात. रायफलच्या नळीत, म्हणजे बॅरलमध्ये, आतून पिळाच्या खाचा असतात. त्यामुळे गोळी स्वतःभोवती फिरत जाते आणि सरळ राहते.

पंप सरकवला की बोल्ट मागे येतो, रिकामं काडतूस बाहेर पडतं. पंप पुढे गेला की नवीन काडतूस आत जातं आणि बोल्ट थोडा फिरून कुलूप लागल्यासारखा बसतो. ७६० मध्ये बोल्टवरचे दाते थेट बॅरलच्या मागच्या जोडभागात अडकतात. म्हणजे गोळी सुटताना पकड घट्ट असते. ‘पंप आहे म्हणजे आत सगळं ढिलं’ हा समज त्यामुळे चुकीचा आहे. ही रायफल शिकारीपुरती चांगलीच अचूक असते.

अचूकता मोजतात कशी?

यासाठी एमओए हे माप वापरतात. एका अंशाचा साठावा भाग म्हणजे १ एमओए. १०० मीटरवर हे अंतर साधारण २.९ सेंटीमीटर होतं, २०० मीटरवर ५.८ सेंटीमीटर. रायफल २ एमओएची आहे म्हणजे १०० मीटरवर तिच्या गोळ्या साधारण ६ सेंटीमीटरच्या घेरात पडतात.

आता हरणाच्या छातीतला मर्मभाग ढोबळमानाने २० सेंटीमीटर रुंद धरतात. जंगलात १०० मीटरच्या आत गोळी झाडायची असेल तर २ एमओएची रायफल भरपूर झाली. मग नेम चुकतो कुठे? बहुतेक वेळा चूक बॅरलची नसते, ते धरणाऱ्या हाताची असते.

ट्रिगरचं काम: कॅमेऱ्याचं शटर आठवा

रात्री मोबाइलने फोटो काढताना शटरचं बटण जोरात दाबलं की फोटो हलतो. लेन्स तीच, सेन्सर तोच, तरी फोटो खराब. म्हणूनच आपण २ सेकंदांचा टायमर लावतो.

ट्रिगरचं अगदी तसंच आहे. ट्रिगर बदलल्याने बॅरल सुधारत नाही. गोळी सुटायच्या क्षणी रायफल किती हलते, एवढंच बदलतं. भरलेली नसताना रायफलचं वजन साडेतीन किलोच्या आसपास. ट्रिगरला अडीच-पावणेतीन किलोचा जोर लागत असेल तर बोट ओढताना अख्खी रायफल बाजूला खेचली जाते.

‘ट्रिगर खराब आहे’ यात चार वेगवेगळ्या गोष्टी असू शकतात:

१. मोकळी चाल: सुरुवातीचं जोर न लागणारं अंतर.
२. वजन: ट्रिगर सुटायला लागणारा जोर. शिकारी रायफलला दीड ते दोन किलो हे नेहमीचं माप.
३. घसट: सुटायच्या आधी ट्रिगर अडखळत, खरखरत सरकणं.
४. नंतरची चाल: सुटल्यावरही बोट मागे जात राहणं.

माझं मत विचाराल तर वजनापेक्षा घसट जास्त त्रास देते. दोन किलोचा पण स्वच्छ ‘टक’ करून सुटणारा ट्रिगर हा दीड किलोच्या खरखरीत ट्रिगरपेक्षा बरा. कारण तो कधी सुटणार याचा अंदाज बोटाला येतो.

यात अजून एक मुद्दा आहे. या पंप रायफलमध्ये आतला हॅमर गोल फिरून फायरिंग पिनवर आपटतो. बोल्ट-ॲक्शनमध्ये बहुधा पिनच सरळ पुढे उडते, त्याला कमी वेळ लागतो. हा फरक काही मिलीसेकंदांचा असतो, पण तेवढ्या वेळात रायफल हलत असते. म्हणून ट्रिगर सुटल्यावरही क्षणभर नेम धरून ठेवायची सवय पंप रायफलवाल्यांना जास्त लागते.

मग ट्रिगर हलका करून टाकायचा का?

इथे थांबा, कारण इथे प्रश्न जिवाचा आहे.

हॅमर ताणलेला असतो आणि त्याला सीअर नावाचा छोटा धातूचा भाग अडवून धरतो. दोघांच्या कडा एकमेकींत थोड्याशाच अडकलेल्या असतात. ट्रिगर ओढला की ही पकड सुटते. पकड कमी केली की ट्रिगर हलका आणि स्वच्छ लागतो. पण पकड फारच कमी झाली तर रायफल पडली, आपटली किंवा पंप जोरात सरकवला तरी हॅमर आपोआप सुटू शकतो.

‘सेफ्टी लावलेली असेल ना!’ असं वाटेल. पण या रायफलीतलं सेफ्टीचं आडवं बटण ट्रिगरला अडवतं, हॅमरला नाही. सीअर घसरला तर सेफ्टी लावलेली असूनही गोळी सुटू शकते. हे वाक्य दोनदा वाचा.

घरी घासकाम करण्यातला धोकाही इथेच आहे. सीअरच्या कडेचा वरचा थर कडक केलेला असू शकतो. तो घासून गेला की आतला मऊ धातू उघडा पडतो आणि लवकर झिजतो. आज छान वाटणारा ट्रिगर काही महिन्यांनी धोकादायक होतो. म्हणून हे काम परवानाधारक आणि अनुभवी गनस्मिथचंच. तो काम झाल्यावर रायफल आपटून, पंप जोरात चालवून, रिकाम्या अवस्थेत तपासणी करतो.

कारखान्यातही यात गडबड होऊ शकते. २०१४ मध्ये रेमिंग्टनने मॉडेल ७०० आणि मॉडेल सेव्हन या बोल्ट-ॲक्शन रायफलींचे एक्स-मार्क प्रो ट्रिगर परत मागवले होते. जोडणीच्या वेळी चिकटवणारा पदार्थ जास्त लागल्याने ट्रिगर न ओढता गोळी सुटण्याचा धोका होता. एवढ्याशा थेंबाने एवढा फरक पडतो!

नेमबाजीच्या स्पर्धांमध्येही काही प्रकारांत ट्रिगरच्या वजनाला खालची मर्यादा आहे. १० मीटर एअर पिस्तुलाला किमान ५०० ग्रॅम, २५ मीटर पिस्तुलाला किमान १००० ग्रॅम. ही मर्यादा शांत, बंदिस्त रेंजवरची. शिकारी तर हातमोजे घालून, थंडीत, चढउतारावर चालत असतो.

आधी काय तपासायचं?

जाणकार नेमबाज ट्रिगरला हात लावण्याआधी हा क्रम पाळतात:

– स्कोपच्या माउंटचे स्क्रू घट्ट आहेत का ते बघणं. ढिला स्कोप आणि खराब बॅरल यांची लक्षणं सारखीच दिसतात.
– बॅरल आणि बोल्टच्या दात्यांची जागा साफ करणं.
– दोन-तीन कंपन्यांची काडतुसं लावून बघणं. एकाच रायफलीत एक काडतूस छान चालतं, दुसरं नाही.
– टेकू घेऊन ५-५ गोळ्यांचे गट मारणं आणि मध्ये बॅरल थंड होऊ देणं. ३ गोळ्यांचा एक गट म्हणजे एका दिवसाच्या बॅटरी बॅकअपवरून फोनचा रिव्ह्यू.
– पंपाचा सरकणारा भाग दर वेळी सारख्याच जोराने धरणं.

आता तुलना करा. समजा टेकूवर गट ५ सेंटीमीटरचा येतो आणि उभं राहून २५ सेंटीमीटरचा. मग रायफल ठीक आहे, सराव कमी पडतोय. यावरचा सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे ड्राय फायर: रायफल रिकामी असल्याची दोनदा खात्री करून, खोटं काडतूस घालून, सुरक्षित दिशेला नेम धरून ट्रिगर ओढायचा सराव. ट्रिगर सुटताना नेम हलला तर लगेच दिसतं.

भारतात काय?

वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ नुसार आपल्याकडे वन्यप्राण्यांच्या शिकारीवर बंदी आहे. शस्त्र अधिनियम १९५९ नुसार बंदूक बाळगायला परवाना लागतो आणि तिची दुरुस्ती किंवा फेरबदल करायलाही वेगळा परवाना लागतो. त्यामुळे व्हिडिओ बघून घरी प्रयोग हा विषयच नको. नेमबाजीची आवड असेल तर क्लबमध्ये एअर रायफलपासून सुरुवात करा. कोल्हापूर जिल्ह्यातल्या स्वप्नील कुसाळेने २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्समध्ये कांस्यपदक मिळवलं, तो याच खेळातला.

थोडक्यात

रायफल किती अचूक आहे आणि आपण किती अचूक आहोत, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. ट्रिगरचा संबंध दुसऱ्या प्रश्नाशी. चांगला ट्रिगर म्हणजे सगळ्यात हलका ट्रिगर नव्हे. दर वेळी सारखाच सुटतो आणि ओढल्याशिवाय कधीच सुटत नाही, तो चांगला ट्रिगर.