जुने घर घेताय? सेप्टिक टँकही तपासा

छत्रपती संभाजीनगरमध्ये सातारा-देवळाईसारख्या नंतर महापालिकेत आलेल्या भागांत अनेक घरांचे सांडपाणी वर्षानुवर्षे सेप्टिक टँकमध्येच जात आले आहे. घर घेताना कागदपत्रे पाहिली जातात; फरशीखालचा टँक मात्र बहुतेकदा राहून जातो.

कायदा काय सांगतो?
खरेदीखताच्या नोंदणीसाठी टँकची तपासणी सक्तीची नाही. मात्र मालमत्ता हस्तांतरण कायदा, १८८२ च्या कलम ५५ नुसार, खरेदीदाराला साध्या पाहणीत न दिसणारा मोठा दोष विक्रेत्याला माहीत असेल, तर त्याने तो सांगायला हवा. करारात वेगळी अट असल्यास गोष्ट निराळी.

काय तपासायचे?
• टँक नेमका कुठे आहे? झाकण उघडता येते का?
• शेवटचा उपसा कधी झाला? साधारण २ ते ३ वर्षांनी तो करावा लागतो.
• टँकमधून बाहेर पडणारे पाणी शोषखड्ड्यात जाते की उघड्या नालीत?
• बोअर किती जवळ आहे? गळती असेल तर पाणी दूषित होऊ शकते.
• पावसाळ्यात संडास तुंबतो का? शेजाऱ्यांनाही विचारा.

उपसा किंवा दुरुस्तीचा खर्च कोण करणार, हे साठेखतातच लिहून घ्या.

हे कधीही करू नका
पाहणीसाठी किंवा सफाईसाठी टँकमध्ये माणूस उतरवू नका. आतल्या विषारी वायूने काही क्षणांत जीव जाऊ शकतो. सुरक्षासाधनांशिवाय असे काम करून घेतल्यास २०१३ च्या हाताने मैला सफाईविरोधी कायद्यानुसार पहिल्याच गुन्ह्यात २ वर्षांपर्यंत कैद, २ लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. उपशासाठी सक्शन गाडीच बोलवा.