देवनागरी कळफलक

देवनागरी लिपीतील वर्ण, स्वरचिन्हे, जोडाक्षरे व इतर चिन्हे टंकित करण्यासाठी टंकलेखन यंत्राच्या अथवा संगणकाच्या कळींची केलेली विशिष्ट मांडणी म्हणजे देवनागरी कळफलक होय. इंग्रजीच्या लेखनात एक कळ व एक अक्षर असा सरळ संबंध असतो. देवनागरीत मात्र व्यंजनाच्या वर, खाली, डावीकडे व उजवीकडे स्वरचिन्हे लागतात आणि व्यंजनांच्या संयोगातून नव्या आकृती निर्माण होतात. अशी लिपी मोजक्या कळींवर कशी बसवावी, या प्रश्नाची दोन उत्तरे आजवर देण्यात आली. पहिले उत्तर अक्षराच्या आकृतीचे तुकडे कळींवर बसविण्याचे. दुसरे वर्ण उच्चाराच्या क्रमाने टंकित करण्याचे. पहिल्या पद्धतीकडून दुसरीकडे झालेले संक्रमण हा या कळफलकाच्या इतिहासाचा गाभा आहे.

टंकलेखन यंत्राचा काळ : क्रिस्टोफर लॅथम शोल्स व त्याचे सहकारी यांना टंकलेखन यंत्राचे अमेरिकी पेटंट १८६८ मध्ये मिळाले. १८७८ सालच्या रेमिंग्टन यंत्रात शिफ्ट कळीची सोय आली आणि एका कळीवर दोन अक्षरे बसविता येऊ लागली. तरीही यंत्रावर चिन्हांसाठी सुमारे ९० जागाच उपलब्ध होत्या. मुद्रणालयात मात्र देवनागरी मजकूर जुळविण्यासाठी जुळाऱ्यासमोर शेकडो प्रकारचे खिळे असत. ही तफावत भरून काढण्यासाठी अक्षरांचे तुकडे करण्यात आले. रेमिंग्टन मांडणीत ‘ख’, ‘ण’, ‘ध’, ‘श’ यांसारखी अक्षरे अर्धे रूप व उभा दंड अशा दोन कळींनी सिद्ध होतात. ऱ्हस्व इकाराची वेलांटी डावीकडे दिसते, म्हणून ती व्यंजनाच्या आधी टंकित करावी लागते. रफार उच्चारात आधी येत असूनही नंतर द्यावा लागतो. टंकलेखकाला शब्द ऐकू येई त्या क्रमाने नव्हे, तर डोळ्यांना दिसेल त्या क्रमाने लिहावा लागे. मुंबईच्या गोदरेज कंपनीने १९५५ मध्ये भारतीय बनावटीचे टंकलेखन यंत्र बाजारात आणले. पुढे तिची मराठी यंत्रे कचेऱ्यांत व टंकलेखन वर्गांत परिचित झाली.

यंत्राला लिपी पेलत नसेल, तर लिपीच बदलावी असाही एक विचारप्रवाह होता. वि. दा. सावरकरांनी पुरस्कारिलेल्या ‘अ’च्या बाराखडीमागे मुद्रण व टंकलेखन सुलभ करण्याचा हेतू होता. लखनौ येथे १९५३ साली भरलेल्या लिपिसुधार परिषदेने ऱ्हस्व इकाराचे चिन्ह उजवीकडे लिहिण्याची शिफारस केली. परंतु ती लेखनात रुजली नाही. वाचकांच्या डोळ्यांना सवयीची झालेली लिपी यंत्राच्या सोयीसाठी सहजासहजी बदलत नाही, हे या प्रयत्नांतून स्पष्ट झाले.

संगणक व इनस्क्रिप्ट : कानपूर येथील भारतीय तंत्रविज्ञान संस्थेत देवनागरीच्या संगणकीय वापरासंबंधी झालेल्या संशोधनातून ‘जिस्ट’ हे तंत्र पुढे आले. १९८८ मध्ये स्थापन झालेल्या पुण्याच्या प्रगत संगणन विकास केंद्रात (सी-डॅक) त्याचा विस्तार झाला. भारत सरकारच्या इलेक्ट्रॉनिकी विभागाने १९८६ मध्ये भारतीय लिप्यांसाठी एक समान कळफलक निश्चित केला. भारतीय मानक ब्यूरोच्या १९९१ च्या ‘इस्की’ या संकेतप्रणालीच्या मानकात त्याचा समावेश झाला. हाच इनस्क्रिप्ट कळफलक होय.

त्याची रचना वर्णमालेवर आधारलेली आहे. स्वर व स्वरचिन्हे मुख्यतः डाव्या हाताकडे, तर बहुतेक व्यंजने उजव्या हाताकडे असतात. अल्पप्राण वर्ण कळीवर आणि त्याचा महाप्राण त्याच कळीवर शिफ्टसह मिळतो, उदा., ‘क’ व ‘ख’, ‘त’ व ‘थ’. काना व ‘आ’, पहिली वेलांटी व ‘इ’ या जोड्याही अशाच आहेत. दोन व्यंजनांमध्ये हलन्त चिन्ह दिले, की जोडाक्षर तयार होते. वेलांटी व्यंजनानंतर टंकित करतात. ती डावीकडे नेऊन ठेवणे हे संगणकाचे काम असते. वर्ण सांगणे माणसाकडे व आकृती घडविणे यंत्राकडे, अशी ही श्रमविभागणी आहे. गुजराती, बंगाली, कन्नड इ. लिप्यांतही तोच वर्ण त्याच कळीवर असल्याने एका लिपीचा सराव दुसरीला उपयोगी पडतो.

मराठीची विशेष चिन्हे : ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरांमधील खोलगट भाग. ‘आचार्यास’ व ‘आचाऱ्यास’ यांतही गुरू व स्वयंपाकी एवढे अंतर आहे. इनस्क्रिप्टवर द, र, हलन्त चिन्ह, य व काना या कळी क्रमाने दाबल्यास ‘दर्या’ मिळतो; याच क्रमात ‘र’ची कळ शिफ्टसह दाबल्यास ‘दऱ्या’ उमटतो. शिफ्टसह मिळणारा ‘ऱ’ हा वर्ण मुळात द्राविडी भाषांतील वेगळ्या रकाराच्या लिप्यंतरासाठी संकेतप्रणालीत आला. त्याच्या अर्ध्या रूपास मराठीतील चंद्रकोरीसारख्या रकाराचे काम देण्यात आले. ‘ळ’ हा ‘ल’च्या कळीवर शिफ्टसह मिळतो.

इस्कीचे मानक असतानाही १९९० नंतरच्या काळात अनेक मुद्रणालये व कचेऱ्या निरनिराळ्या कंपन्यांचे स्वतंत्र फाँट वापरीत. त्यांत अक्षरांचे तुकडे रोमन अक्षरांच्या संकेतांकांवर बसविलेले असत. तो फाँट नसलेल्या संगणकावर मराठी मजकूर अर्थहीन रोमन अक्षरांसारखा दिसे. त्यात शब्द शोधणे वा तो अकारविल्हे लावणे दुरापास्त होते. टंकलेखन यंत्राची आकृतिप्रधान पद्धती अशा रीतीने संगणकावरही टिकून राहिली.

युनिकोडची पहिली आवृत्ती १९९१ मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यातील देवनागरी विभाग इस्कीच्या १९८८ च्या रूपावर आधारलेला होता. विंडोज २००० पासून या कंपनीच्या संगणकप्रणालीत देवनागरीची सोय आली आणि मजकुराची देवाणघेवाण सुकर झाली. तथापि मराठीच्या सर्व गरजा एकदम भागल्या नाहीत. ‘ॲ’ या स्वराला स्वतंत्र संकेतांक २००८ मध्ये मिळाला. तोवर तो ‘अ’ला अर्धचंद्र जोडून लिहीत. दोन्ही रूपे सारखी दिसली, तरी संगणकाच्या लेखी ती भिन्न असतात. त्यामुळे एका रूपाने घेतलेल्या शोधात दुसरे सापडेलच असे नाही. कोश व ग्रंथसूची यांच्या दृष्टीने ही उणीव गंभीर ठरते. महाराष्ट्र शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाने प्रमाण वर्णमाला निश्चित केली व तीत ‘ॲ’ आणि ‘ऑ’ यांना स्थान दिले. मराठी वळणाचे ‘ल’ व ‘श’ यांना मात्र वेगळे संकेतांक नाहीत. ती वळणे फाँटवर अवलंबून असतात. २०१० मध्ये स्वीकारलेले रुपयाचे ₹ हे चिन्ह त्याच वर्षी युनिकोडमध्ये समाविष्ट झाले.

आदेशवाचक कळजोड : कंट्रोल कळीसह दुसरी कळ दाबून संगणकाला आदेश देण्याची प्रथा दूरमुद्रकांच्या नियंत्रण संकेतांतून आली. मजकूर कापणे व चिकटविणे या क्रिया १९७० नंतरच्या दशकात झेरॉक्सच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रात लॅरी टेस्लर प्रभृतींनी विकसित केल्या. ॲपल कंपनीच्या १९८३ सालच्या लिसा संगणकाने त्यांसाठी खालच्या ओळीतील लगतच्या कळी रूढ केल्या. विंडोजमध्ये मराठी कळफलक चालू असतानाही हे आदेश सामान्यतः त्याच कळींवर राहतात : ज्या कळीने ‘म’ उमटतो, तीच कंट्रोलसह दाबल्यास निवडलेल्या मजकुराची प्रत घेतली जाते.

सद्यःस्थिती : रोमन अक्षरांत उच्चार लिहून देवनागरी मिळविण्याची पद्धती आणि भ्रमणध्वनीवरील स्पर्शफलक यांमुळे अनेकजण इनस्क्रिप्ट न शिकताही मराठी लिहितात. या पद्धती सोयीच्या असल्या, तरी ‘ऱ्य’, ‘ळ’, ‘ण’ यांच्यासाठी कोणती रोमन अक्षरे योजावीत, हे प्रत्येक प्रणालीत वेगळे असू शकते. ते ठाऊक नसल्यास लेखक जवळचे दुसरे अक्षर चालवून घेतो. यंत्रासाठी वर्ण सोडून देण्याची आता गरज उरलेली नाही. मात्र तो कोणत्या कळींनी लिहावा याची माहिती नसेल, तर सोय असूनही तो लेखनातून गळू शकतो. म्हणून प्रमाण कळफलकाचे शिक्षण हा मराठी लेखनशिक्षणाचाच एक भाग मानणे इष्ट ठरते.