ऐंशी रकान्यांचा वारसा

लांब आज्ञा टाइप करताना मजकूर खालच्या ओळीवर न जाता प्रॉम्प्टवरच चढतो, हे तुम्ही पाहिलं असेल. याचं मूळ जुनं आहे. 1928 साली आयबीएमच्या पंचकार्डावर 80 रकाने आले. 1978 च्या व्हीटी100 टर्मिनलवर 80 रकाने, 24 ओळी. पडदा ठरलेला, म्हणून आकार विचारायचं कारणच नव्हतं. पुढे लहानमोठ्या होणाऱ्या खिडक्या आल्या, तेव्हा बर्कली युनिक्सनं सोय केली: आकार बदलला की कर्नल प्रोग्रामला ‘सिगविंच’ हा संकेत पाठवतो. पण सिरियल तारेवरून फक्त अक्षरं जातात, आकार नाही. मग बॅश तेच जुने 80 आणि 24 धरून चालतं. म्हणून आधी ‘एसटीटीवाय साइझ’ विचारा. उत्तर शून्य आलं, तर एसटीटीवायनंच खरा आकार सांगायचा. यंत्राला आपला पडदा दिसत नाही.