वीस लाख ओळींची यादी कशात उघडायची? नोटपॅड लटकतं, एक्सेल अर्धीच दाखवतं

२०११ च्या जनगणनेनुसार जालना जिल्ह्याची लोकसंख्या १९ लाख ५९ हजार. समजा माणशी एक ओळ अशी यादी बनवली आणि ती एक्सेलमध्ये उघडली, तर ९ लाखांहून जास्त माणसं त्यात दिसणारच नाहीत.

कारण एक्सेलच्या एका शीटमध्ये फक्त १०,४८,५७६ ओळी मावतात. यादी तालुक्यांप्रमाणे लावलेली असेल आणि परतूर, मंठा शेवटी असतील, तर ते दोन्ही तालुके गेले, वर आधीच्या तालुक्यांतली गावंही गेली. एक्सेल तशी सूचना देतं, पण ती न वाचता ओके दाबायची सवय सगळ्यांनाच. त्यानंतर कुणी त्याच फाइलवर सेव्ह केलं, तर राहिलेल्या ओळी कायमच्या पुसल्या जातात.

हे फक्त कागदावरचं गणित नाही. २०२० मध्ये इंग्लंडमध्ये कोरोनाचे १५,८४१ रुग्ण रोजच्या आकड्यांतून सुटले होते. तिथं एक्सेलचा जुना फॉरमॅट वापरला जात होता, त्याची मर्यादा ६५,५३६ ओळींची. त्या रुग्णांच्या संपर्कात आलेल्यांना शोधायला उशीर झाला.

अनुदान किंवा पीकविम्याच्या यादीत आणखी एक धोका असतो. एक्सेल कुठल्याही आकड्यातले पहिले १५ अंकच जपतं. बँक खात्याचा नंबर १६ अंकी असेल तर शेवटचा अंक शून्य होतो, आणि नंबरच्या सुरुवातीला असलेलं शून्य उडून जातं. असा खाते नंबर पुढं गेला तर पैसे अडकणार हे उघड आहे.

मराठी फाइल इतकी जड का होते?

इंग्रजी अक्षर एका बाइटमध्ये बसतं. यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात, काना-मात्राही वेगळी मोजली जाते. म्हणजे ‘जालना’ हा शब्द १५ बाइटचा. एका ओळीत १०० चिन्हं धरली तर जिल्ह्याची यादी ५९० एमबीच्या घरात जाते. साधं नोटपॅड अख्खी फाइल मेमरीत ओढायला बघतं, आणि ४ जीबी रॅमचा लॅपटॉप तिथंच मान टाकतो.

ही अडचण जुनीच आहे. १९७३ च्या सुमारास बेल लॅब्समध्ये ली मॅकमहॉन यांना ‘फेडरलिस्ट पेपर्स’ या ८५ निबंधांचा अभ्यास करायचा होता. तो मजकूर तेव्हाच्या एडिटरमध्ये मावेना. मग केन थॉम्प्सन यांनी एडिटरमधला शोधण्याचा भाग सुटा करून ‘ग्रेप’ नावाचा प्रोग्राम दिला. तो फाइल एकेक ओळ वाचत जातो, त्यामुळं फाइल कितीही मोठी असली तरी चालतं. आजही युक्ती तीच आहे.

मग निवडायचं काय?

आधी ठरवायचं, फक्त शोधायचंय की बदलायचंही आहे. निम्म्या लोकांना फक्त एखादं नाव शोधायचं असतं आणि ते उगाच एडिटर धुंडाळत बसतात. शोधायचंच असेल तर ‘क्लॉग’ हे मोफत सॉफ्टवेअर पुरतं. ते फाइल डिस्कवरूनच वाचतं, सापडलेल्या ओळी वेगळ्या खिडकीत दाखवतं आणि मूळ फाइलला हात लावत नाही. काळ्या पडद्यावर कमांड टाइप करायची भीती नसेल तर ‘रिपग्रेप’ त्याहून चपळ.

बदल करायचे असतील आणि फाइल काहीशे एमबीची असेल तर ‘नोटपॅड प्लस प्लस’ बघा, तेही मोफत. फाइल अनेक जीबींची असेल तर विंडोजवर ‘एमएडिटर’ भारी पडतं. सीएसव्हीचे रकाने ते नीट दाखवतं, पण त्याच्या सगळ्या सोयींसाठी पैसे मोजावे लागतात. काहीही वापरा, काम कॉपीवरच करायचं आणि डिस्कवर फाइलच्या दुप्पट जागा मोकळी ठेवायची. ‘ऑनलाइन उघडून देतो’ म्हणणाऱ्या साइटवर लोकांची नावं आणि खाते नंबर चढवणं मात्र शुद्ध वेडेपणा.

शोधूनही सापडत नसेल तर?

‘अंबड’ शोधताना ‘अम्बड’ही शोधावं लागतं, ‘परतूर’सोबत ‘परतुर’ही. रेग्युलर एक्स्प्रेशनची सोय असेल तर ‘परत(ू|ु)र’ असं लिहून दोन्ही एकदम सापडतात. फाइल श्रीलिपी किंवा कृतीदेवसारख्या जुन्या फॉन्टमध्ये असेल तर आत रोमन अक्षरंच साठवलेली असतात, ती आधी युनिकोडमध्ये आणावी लागते.

स्कॅन केलेल्या कागदांचं प्रकरण निराळं. अंबड तालुक्यातल्या अंतरवाली सराटीत २०२३ मध्ये मराठा आरक्षणासाठी उपोषण झालं, न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेली आणि जुन्या कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला. अशा नोंदींच्या पीडीएफमध्ये कागदाचा फोटो असतो, अक्षरं नसतात, म्हणून तिथं कंट्रोल-एफ दाबून काही मिळत नाही. छापील मराठी असेल तर ‘टेसरॅक्ट’सारखं मोफत ओसीआर सॉफ्टवेअर त्याचा मजकूर बनवून देतं. हस्तलिखित मोडी असेल तर मोडी वाचणारा माणूसच गाठावा लागतो.