आयस्कझी: लांबची डिस्क जोडताना 'आधी काय, नंतर काय' याला एवढं महत्त्व का?

नाशिक रोड स्टेशनवरून देवळाली कॅम्पला जायला रिक्षा करायची तर आधी कुठे जायचं ते सांगतो, मग किती जण आहोत ते, आणि शेवटी भाडं ठरतं. भाडं आधी ठरवून ठिकाण नंतर सांगितलं तर वाद होणारच. कारण भाडं ठिकाणावर अवलंबून असतं. नेटवर्कवरची डिस्क जोडताना दोन मशीनही अशीच बोलणी करतात. मात्र तिथे ठरलेली गोष्ट त्याच लॉगिनमध्ये पुन्हा ठरवता येत नाही.

आयस्कझी म्हणजे काय?

दुसऱ्या मशीनवरची डिस्क आपल्या कॉम्प्युटरला स्वतःचीच वाटावी, यासाठीचा हा प्रोटोकॉल आहे. डिस्कसाठीच्या स्कझी कमांड्स साध्या टीसीपी-आयपी नेटवर्कवरून जातात. इंटरनेट इंजिनिअरिंग टास्क फोर्सने एप्रिल २००४ मध्ये आरएफसी ३७२० या नावाने त्याचे नियम प्रसिद्ध केले. एप्रिल २०१४ मध्ये आरएफसी ७१४३ ने त्यांची जागा घेतली. डिस्क मागणाऱ्याला 'इनिशिएटर' आणि देणाऱ्याला 'टार्गेट' म्हणतात.

बोलणी कशी होतात?

इनिशिएटर पहिल्याच निरोपात स्वतःचं नाव सांगतो. मग ओळख पटवायची असेल तर ती, आणि त्यानंतर कामाच्या अटी. ओळखीसाठी 'चॅप' पद्धत असेल तर आधी पद्धत ठरते, मग टार्गेट कोडं पाठवतो, मग उत्तर येतं. कोडंच आलं नसेल तर उत्तर कशाचं देणार?

कामाच्या अटींमध्ये हा क्रम इतका उघड दिसत नाही. त्यातल्या दोन अटी पाहा:

• मॅक्सबर्स्टलेंग्थ: टार्गेटने मागितल्यावर एका खेपेत जास्तीत जास्त किती डेटा पाठवायचा.
• फर्स्टबर्स्टलेंग्थ: टार्गेटने मागण्याआधीच, एका कमांडसाठी किती डेटा पाठवून द्यायचा.

दोन्हींत दोघांनी सांगितलेल्यांपैकी लहान आकडा पक्का होतो. आणि नियम असा की दुसरी अट पहिलीपेक्षा मोठी असता कामा नये.

गडबड कुठे होते?

समजा, इनिशिएटरने आधी फर्स्टबर्स्टलेंग्थ २५६ केबी मागितली आणि टार्गेटने मान्य केली. पुढे मॅक्सबर्स्टलेंग्थची वेळ आली तेव्हा टार्गेट म्हणाला, माझी ऐपत १२८ केबीचीच. आता पहिली खेप कमाल मर्यादेपेक्षा मोठी झाली, म्हणजे नियम मोडला. 'मघाचा आकडा कमी करू' असं म्हणायची सोय नाही. तीच अट इनिशिएटरने पुन्हा काढली तर टार्गेटने लॉगिन नाकारायचं, असं नियमच सांगतो. लॉगिन नाही तर डिस्क नाही, आणि त्या डिस्कवर चालणारं काम ठप्प.

मग योग्य क्रम कोणता?

ज्यावर दुसरं काही अवलंबून आहे ते आधी ठरवायचं. न मागता डेटा पाठवायची मुभा आहे का, हे 'इनिशियलआरटूटी' आणि 'इमिजिएटडेटा' या अटी सांगतात. पहिली 'हो' आणि दुसरी 'नाही' ठरली, तर मुभाच उरत नाही. मग फर्स्टबर्स्टलेंग्थच्या प्रश्नाला 'इररेलेव्हंट', म्हणजे गैरलागू, असं उत्तर देता येतं. मुभा असेल तर आधी मॅक्सबर्स्टलेंग्थ, मग फर्स्टबर्स्टलेंग्थ. सगळ्या अटी एकाच निरोपात आल्या, तर टार्गेटने त्या एकत्र पाहून मगच उत्तर द्यावं.

तुमच्या कामाचं काय?

ऑफिसात किंवा फोटो स्टुडिओत अशी डिस्क जोडत असाल आणि वेग वाढवायला सेटिंग बदलणार असाल, तर हे दोन आकडे एकमेकांशी ताडून पाहा. नियमांतले मूळ आकडे मॅक्सबर्स्टलेंग्थसाठी २५६ केबी आणि फर्स्टबर्स्टलेंग्थसाठी ६४ केबी आहेत. बदलानंतर लॉगिन होईनासं झालं, तर केबल आणि पासवर्डसोबत हे आकडेही तपासा. फर्स्टबर्स्टलेंग्थ मोठी दिसली, तर ती आधी कमी करा.